पोलंड टाइप केलं आणि दोन लाख रिझल्ट आले, आता काय करू?

पत्र:

ताई नमस्कार. मी कोल्हापुरात एम.ए. इतिहास पहिल्या वर्षाला आहे. आम्हाला प्रोजेक्ट दिलाय, कुठल्याही एका देशाचा इतिहास आणि संस्कृती, चाळीस पानं, आणि अट अशी की कमीत कमी पंधरा संदर्भ लायब्ररीच्या डेटाबेसमधून पाहिजेत, विकिपीडिया आणि गुगलवरचं काही चालणार नाही. मी पोलंड घेतला कारण आमचं घर वळिवड्यात आहे आणि माझे आजोबा (वय ८९) लहानपणी त्यांच्या वडलांबरोबर तिथल्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पात दूध घालायला जायचे, अजूनही मूडमधे असले की मला सकाळी "जेन दोब्री" म्हणतात. पण डेटाबेसमधे "हिस्टरी अँड कल्चर ऑफ पोलंड" टाकलं तर दोन लाखाच्या वर रिझल्ट आले. दोन दिवस उघडून बघितले, एक पण कामाचा नाही, काही तर बूट पॉलिश आणि लाकडाच्या फिनिशिंगवर होते. मैत्रिणी म्हणतात एआयला विचार, दहा मिनिटांत चाळीस पानं संदर्भांसकट मिळतील. मला ते पटत नाही पण रडू यायला लागलंय. पंचवीस दिवस उरलेत. विषय बदलून जपान घेऊ का? तो सोपा आहे असं सगळे म्हणतात.

एक वाचक, वळिवडे

उत्तर:

विषय बदलू नकोस बाळ. जपान घेतलास तरी हेच होणार, "हिस्टरी अँड कल्चर ऑफ जपान" टाकशील आणि दोनाच्या जागी पाच लाख रिझल्ट येतील. अडचण पोलंडची नाही आणि तुझीही नाही, अडचण अशी आहे की तुला डेटाबेस वापरायला सांगितला पण तो कसा चालतो ते कुणी बसवून शिकवलं नाही. मी एकतीस वर्षं लायब्ररीत काढली आणि रडवेला चेहरा करून काउंटरवर आलेली पोरं इतकी बघितलीत की हे पत्र कुठून आलंय ते मला नीट कळलं.

पहिली गोष्ट, पोलंडचा इतिहास आणि संस्कृती हा प्रश्न नाही, ते कपाटावर चिकटवलेलं लेबल आहे. कपाटासमोर उभं राहून "मला आतलं सगळं द्या" म्हटलं तर अंगावर दोन लाख कागद पडणारच की. डेटाबेस म्हणजे काय तर हजारो नियतकालिकांतले लेख, जुने पेपर, प्रबंध, सरकारी फायली यांची यादी, आणि ती यादी शब्द जुळवते, तुझ्या मनात काय आहे ते तिला कळत नाही. "पोलिश" म्हणजे माणसं का बूट हे तिला तू सांगावं लागतं. "पोल्स" टाकलंस तर उत्तर ध्रुव आणि विजेचे खांब पण येतील. आणि दुसरं बघ, पोलंडवर आयुष्यभर काम केलेला कुठलाही अभ्यासक लेखाला "पोलंडचा इतिहास आणि संस्कृती" असं नाव देत नाही, तो लिहितो अमुक शहरातला अमुक साली झालेला शाळेचा संप. म्हणजे जे शब्द तू टाकलेस ते चांगल्या लेखांच्या शीर्षकात नसतातच, आणि नको त्या सगळ्यात असतात.

म्हणून पहिले दोन दिवस डेटाबेस उघडूच नकोस. आधी विश्वकोशातली नोंद वाच. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात पोलंडवर नोंद आहे, मराठीत एकदा सलग वाचलंस की डोक्यात सांगाडा बसेल. फक्त एक लक्षात ठेव, ती छापील नोंद १९८९ च्या आधीची, म्हणजे त्यातला पोलंड कम्युनिस्ट राजवटीतला आहे, त्यानंतरचं सगळं (१९९९ ला नाटो, २००४ ला युरोपियन युनियन) तुला दुसरीकडून भरावं लागेल. एका कागदावर वर्षं उतरव. ९६६ ला तिथला सत्ताधीश म्येश्को ख्रिश्चन झाला, तिथून पोलंडचा इतिहास मोजतात. १७९१ चा ३ मे, लेखी राज्यघटना. त्याच्या आगेमागे १७७२, १७९३ आणि १७९५, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी (१७९३ ला ऑस्ट्रिया नव्हता) तीन वेळा लचके तोडून देशच संपवला. ११ नोव्हेंबर १९१८ ला परत स्वतंत्र. १ सप्टेंबर १९३९ ला एका बाजूनं हिटलर, १७ सप्टेंबरला दुसऱ्या बाजूनं सोव्हिएत फौजा. १९८० सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना, १९८९ निवडणुका. एवढं एका पानावर मावतं.

आता त्या पानाकडं बघत बस आणि स्वतःला विचार की यातलं काय मला टोचतंय. मला जे टोचतं ते सांगते, तुला दुसरं काही सापडलं तर तुझंच घे. १७९५ ते १९१८, तब्बल १२३ वर्षं हा देश नकाशावर नव्हता. सव्वाशे वर्षं! चार-पाच पिढ्या. तरी माणसं पोलिश कशी राहिली? इथं इतिहास आणि संस्कृती हे दोन वेगळे चॅप्टर राहतच नाहीत गं, कारण राज्य नव्हतं तेव्हा देश जो काही उरला होता तो भाषेत, चर्चमधे, गाण्यात आणि घरच्या शिकवणीत उरला होता. संगीतकार शोपँ पॅरिसला १८४९ मधे वारला तर त्याचं हृदय वॉर्साला आणलं, आजही तिथल्या चर्चच्या खांबात आहे. रशियनांच्या ताब्यातल्या वॉर्सात १८८० च्या दशकात बायकांनी चोरून विद्यापीठ चालवलं, आज या घरात वर्ग उद्या त्या घरात, म्हणून त्याला उडतं विद्यापीठ म्हणायचे, मारी क्युरी तिथं शिकलेली आहे. १८९८ ला तिनं नवीन मूलद्रव्याला पोलोनियम नाव दिलं तेव्हा नकाशावर पोलंड नव्हता. प्रशियाच्या ताब्यातल्या व्झेश्न्या गावात १९०१ मधे शाळेतल्या पोरांनी जर्मनमधून धर्मशिक्षण घ्यायला नकार दिला, मार खाल्ला पण हटली नाहीत. १९३९ नंतर जर्मनांनी पोलिश मुलांची हायस्कुलं, विद्यापीठं बंद केली तर परत चोरून वर्ग सुरू. आणि आता तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ये. १९४३ ते १९४८ वळिवडे कॅम्प, साधारण पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत सत्तेनं हद्दपार केलेली, सायबेरियातून, कझाकस्तानातून उपासमार भोगून इराणमार्गे इथं पंचगंगेकाठी आलेली, आणि त्यांनी आल्या आल्या काय उभं केलं तर पोलिश शाळा. चर्च, दवाखाना, स्काउट हे पण होतंच, पण शाळा बघ.

"परक्या सत्तेखाली आणि परक्या मुलखात पोलिश लोकांनी शाळेतून आपला देश कसा टिकवला, उडत्या विद्यापीठापासून वळिवड्यापर्यंत." हा झाला प्रश्न. यात तुझ्या सरांचा इतिहास पण आहे, संस्कृती पण आहे आणि कोल्हापूर पण आहे.

आता शब्द. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा लांबण लावते. डेटाबेसमधे तुझे आजचे शब्द चालत नाहीत, ज्यानं तो कागद लिहिला आणि ज्यानं तो फायलीत ठेवला त्याचे शब्द चालतात. मी नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती तेव्हा एक अभ्यासक लांबून आले, त्यांना संस्थानी काळातल्या कोल्हापूरची ब्रिटिश कागदपत्रं हवी होती, मी छापील कॅटलॉगमधे कोल्हापूर बघितलं, चारदोन नोंदी मिळाल्या आणि मी त्यांना सांगून टाकलं की एवढंच आहे. ते परत गेले. पुढं कधीतरी मला कळलं की बरंच काही डेक्कन स्टेट्स एजन्सी या नावाखाली होतं, आणि त्याच्या मागचं सदर्न मराठा कंट्री या नावाखाली, कारण कागद ठेवणारा इंग्रज होता आणि त्याच्या लेखी कोल्हापूर हा त्याच्या एजन्सीचा एक भाग होता. ते अभ्यासक परत भेटले नाहीत. ती चूक मला अजून आठवते, म्हणून तुला सांगते.

पोलंडचं तर हे शंभर पटीनं आहे. १२३ वर्षं देशच नाही म्हटल्यावर त्या काळातले कागद रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया यांच्या नावानं लावलेले असतात. गावांची नावं पण दोन-दोन तीन-तीन. व्झेश्न्या जर्मन कागदात व्रेशेन होतं. ग्दान्स्क म्हणजेच डान्झिग. ल्वूफ, लेंबर्ग आणि ल्विव्ह हे एकच शहर, आणि आज ते युक्रेनमधे आहे. तू एकच नाव टाकलंस तर तेवढाच तुकडा हाती येईल.

वळिवड्याचं स्पेलिंग तर विचारूच नको. व्ही नं, डब्ल्यू नं, एक एल, दोन एल, कुठं नुसतंच कोल्हापूर कॅम्प. वॉर्सामधे आपल्या कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे (ऑगस्ट २०२४ मधे पंतप्रधान मोदी तिथं जाऊन आले तेव्हा पेपरात आलं होतं), त्याच्या बातम्या शोधल्यास तरी दोन-तीन स्पेलिंगं दिसतील. सगळी टाकून बघायची. आणि आपण "रेफ्युजी" म्हणतो पण युद्धकाळातल्या सरकारी फायलीत बऱ्याचदा "इव्हॅक्युई" लिहिलेलं असतं, युद्ध संपल्यावर तीच माणसं "डिस्प्लेस्ड पर्सन" होतात, आणि कॅम्पाला कुठं कुठं "सेटलमेंट" म्हटलेलं आहे. एक वही कर, डाव्या बाजूला तुझा शब्द, उजव्या बाजूला त्या काळातले सगळे शब्द, नवीन लेख वाचताना नवीन शब्द दिसला की तिथं घाल. कुठला शब्द कुठं टाकला, किती रिझल्ट आले, तारीख काय, हे पण त्याच वहीत. नाहीतर आठव्या दिवशी तू तेच शोधत बसशील जे दुसऱ्या दिवशी शोधून झालं होतं, हे हमखास होतं.

आता टाइप कसं करायचं. इंग्रजीतच करायचं आहे, मी फक्त रीत सांगते. दोन शब्द एकत्रच हवे असतील तर अवतरण चिन्हात टाक, "पोलिश रेफ्युजीज" असं, म्हणजे बूट पॉलिश गळून पडेल. एकाच अर्थाचे शब्द कंसात घालून मधे ऑर, आणि वेगवेगळ्या गोष्टी जोडायला अँड, जेस्टोरसारख्या अभ्यासलेखांच्या डेटाबेसमधे हे दोन्ही कॅपिटलमधे टाइप करावे लागतात, नाहीतर ते चालत नाही आणि मुलांना वाटतं आपलंच काही चुकतंय. शब्दाच्या शेवटी चांदणी टाकली की पुढची सगळी रूपं येतात, रेफ्युजी आणि रेफ्युजीज दोन्ही. म्हणजे तुझा एक सर्च असा होईल: पोलिश अँड (रेफ्युजी* ऑर इव्हॅक्युई* ऑर "डिस्प्लेस्ड पर्सन्स") अँड (इंडिया ऑर कोल्हापूर ऑर वळिवडे). मग शाळेसाठी दुसरा सर्च, पार्टिशनच्या, म्हणजे पोलंडचे ते तीन लचके तोडले त्या काळासाठी तिसरा. एका सर्चमधे सगळा प्रोजेक्ट कोंबू नकोस. (पार्टिशन शब्द एकटा टाकलास तर आपली १९४७ ची फाळणी येईल, त्याच्याबरोबर पोलंड पाहिजेच.) मग डाव्या बाजूच्या फिल्टरमधून विषय इतिहास किंवा स्लाव्हिक स्टडीज निवड, भाषा इंग्रजी निवड, दोन लाखाचे शे-दीडशे होतील, आणि शे-दीडशे शीर्षकं वाचायला एक दुपार पुरते.

अजून एक आहे, विषय-शीर्षक. लायब्ररीवाले प्रत्येक पुस्तकाला ठरलेल्या शब्दांची चिठ्ठी लावतात, तू मनात कुठलाही शब्द धर, पुस्तक त्या चिठ्ठीखालीच मिळणार. तुझ्या सरांना जी "संस्कृती" अपेक्षित आहे ती तिथं "पोलंड, सोशल लाइफ अँड कस्टम्स" किंवा "पोलंड, सिव्हिलायझेशन" या चिठ्ठीखाली असते, आणि युद्धकाळ "पोलंड, हिस्टरी, ऑक्युपेशन, १९३९-१९४५" खाली. एक चांगलं पुस्तक ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगमधे, सापडलं की त्याची पूर्ण नोंद उघड, खाली चिठ्ठ्या दिसतात, त्यावर क्लिक केलं की त्याची सगळी भावंडं समोर येतात. आणि रॅकवर जायचं तर ड्युई पद्धतीनं, म्हणजे विषयाला आकडा देऊन, लावलेल्या लायब्ररीत पोलंडचा इतिहास ९४३.८ ला असतो, थेट तिथं जाऊन उभी रहा, शेजारची दोन-चार पुस्तकं पण काढून बघ.

कुठं शोधायचं तर आधी विद्यापीठाची बॅ. खर्डेकर लायब्ररी. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी विद्यापीठं आणि कॉलेजांना खुली आहेत, कॅम्पसमधल्या कॉम्प्युटरवर बसून थेट वाचता येतात, घरून लॉगिन मिळतं का ते काउंटरवर विचार, लाजू नकोस. तुझं कॉलेज अनुदानित असेल तर एन-लिस्टचं (कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन वाचनसाहित्याच्या योजनेचं) लॉगिन तुमच्या ग्रंथपालांकडं मागायचं, माझा अनुभव सांगते, कित्येक मुलांना तीन वर्षं संपेपर्यंत ते लॉगिन असतं हेच माहीत नसतं. जेस्टोरवर तर स्वतःच्या ईमेलनं फुकट खातं काढलंस तरी महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात, तुला पंधरा पाहिजेत. तिथं द पोलिश रिव्ह्यू नावाचं नियतकालिक १९५६ पासूनचं आहे, फक्त या एकात आत शिरून शोधलंस तरी बरंच मिळेल. एवढं माहीत असू दे की जेस्टोरवर बऱ्याच नियतकालिकांचे शेवटचे तीन-चार-पाच वर्षांचे अंक नसतात, म्हणून तिथं ताजं नाही म्हणजे जगात ताजं नाही असं समजू नकोस. आपल्या देशातले प्रबंध शोधगंगेवर, आणि प्रबंधात सगळ्यात मोलाची असते ती मागची संदर्भसूची, ती आधी वाच, कुणीतरी चार-पाच वर्षं घालवून कुठली फाइल कुठं आहे ते शोधून ठेवलेलं असतं.

मूळ कागदांसाठी अभिलेख पटल. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं पोर्टल आहे, खातं काढायला पैसे लागत नाहीत, त्या वेळच्या भारत सरकारच्या परराष्ट्र आणि राजकीय खात्याच्या फायली स्कॅन करून ठेवल्यात, पोलिश इव्हॅक्युई टाकून बघ. दिल्ली आणि मुंबई, मुंबईतला पोलिश कॉन्सल, संस्थान, लंडन यांच्यातला पत्रव्यवहार वाचायला लागलीस की रात्र कशी जाते कळत नाही. एक मेख सांगते. हा कॅम्प लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारच्या आधारानं चालायचा, आणि जुलै १९४५ मधे ब्रिटन-अमेरिकेनं त्या सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे त्यानंतरच्या कागदांत पोलिश सरकार शोधलंस तर गाडी तिथंच थांबेल, पुढं उनरा या संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेचं नाव टाकावं लागतं. परत तेच, राज्य बदललं की लेबल बदलतं.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय लायब्ररीचं ट्रोव्ह म्हणून जुन्या पेपरांचं पोर्टल आहे, तेही फुकट, युद्धकाळातल्या तारा तिथल्या पेपरांत छापून यायच्या आणि कॅम्पातली काही माणसं पुढं ऑस्ट्रेलियात गेली, म्हणून तिथं पण एक फेरी मार. पोलोना हे पोलंडच्या राष्ट्रीय लायब्ररीचं डिजिटल भांडार, फोटो, नकाशे, जुनी पाठ्यपुस्तकं, भाषा येत नसली तरी चित्रं कळतात आणि मजकूर भाषांतराच्या ॲपमधून अर्थ लागण्यापुरता वाचता येतो. फक्त ॲपचं भाषांतर अवतरण म्हणून छापू नकोस, आशय तुझ्या शब्दात लिही. आणि आपल्या गावात राजाराम महाराजांच्या नंतरचा काळ बघायचा असेल, संस्थानाचा कारभार कुणाकडं होता वगैरे, तर पुराभिलेखागार आहे, करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनचं, तिथली माणसं विचारलं की सांगतात.

लेख हातात आला की वाचायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या, कुणी लिहिला आणि कधी लिहिला. पोलंडच्या बाबतीत यावर सगळं अवलंबून आहे. १९४० मधे कातिनच्या जंगलात सोव्हिएत पोलिसांनी हजारो पोलिश अधिकारी मारले, पण सोव्हिएत सरकारनं ते कबूल केलं थेट एप्रिल १९९० मधे, म्हणजे १९७५ साली वॉर्सात छापलेल्या इतिहासात ते खरं सापडणार नाही, आणि सायबेरियाला नेलेल्या माणसांबद्दल पण तिथं गप्पच. त्याच साली लंडनमधे परागंदा पोलिश माणसानं लिहिलेलं वेगळं. तुझ्या कॅम्पातली माणसं ज्या हद्दपारीतून आली तिचे आकडेच घे. जुन्या पुस्तकांत दहा लाखाच्या वर लिहिलेलं सापडेल, १९९० नंतर सोव्हिएत पोलिसांचे कागद उघडले तेव्हा १९४०-४१ च्या चार मोठ्या हद्दपाऱ्यांचा आकडा सव्वातीन लाखाच्या आसपास निघाला. दोन्ही आकडे तुला डेटाबेसमधे भेटणार आणि तू जर एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरा लिहिलास तर सर पहिला प्रश्न तिथंच विचारतील. दोन्ही दे, कुठल्या काळातल्या कुठल्या कागदावरून आला ते सांग. यानं दुःख कमी-जास्त होत नाही, पण ज्यांच्यावर ते ओढवलं त्यांच्याबद्दल आपण मोजून-मापून लिहावं असं मला मनापासून वाटतं.

मैत्रिणींचं म्हणणं. एआयला विचारून शब्द सुचवून घे, पोलिशमधे निर्वासिताला काय म्हणतात, डान्झिगचं आजचं नाव काय, त्यात काही गैर नाही. पण संदर्भ त्याच्याकडून घेऊ नकोस. ते हुबेहूब खरी वाटणारी नावं, साल, पान नंबर देतं आणि तो लेख जगात कुठं नसतो. जो लेख तू स्वतः उघडला नाहीस तो यादीत घालायचा नाही, एवढा एकच नियम पाळ, मग तुला कुणाची भीती नाही. पंचवीस दिवसांचं म्हणशील तर पुरतात. पहिला आठवडा विश्वकोश आणि शब्दांची वही, मधले दहा दिवस शोधणं आणि वाचणं, उरलेले लिहायला. पंधराच्या जागी अकरा-बारा संदर्भ नीट वाचून झाले की बाकीचे त्यांच्या तळटिपांतून आपसूक येतात.

संस्कृतीबद्दल एवढंच, पोशाख-सण-जेवण अशी तीन पानांची यादी करून शेवटी जोडू नकोस. एकच गोष्ट घे आणि तिच्या मागं जा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोलिश घरात व्हिगिल्या असते, पातळ पापडीसारखा ओप्वातेक मोडून एकमेकांना देतात आणि ताटांत एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. घरदार सुटलेली, अर्धी माणसं वाटेत गेलेली कुटुंबं कोल्हापुरात ते ताट कुणासाठी मांडत असतील? त्या लोकांनी पुढं लंडनमधे आपली संघटना काढून कॅम्पाच्या आठवणी आणि कागदपत्रं पुस्तकरूपानं छापलीत, पोलिश आणि इंग्रजी दोन्हीत, आंतर-ग्रंथालय देवघेवीतून ते मिळतं का ते ग्रंथपालांना विचार, उत्तर तिथं शोध.

आणि आजोबा. हे मी शेवटी लिहितेय पण तू आज संध्याकाळीच कर. ते १९४३ ला सातएक वर्षांचे असतील, कॅम्प उठला तेव्हा बारा. फोन समोर ठेवून रेकॉर्डिंग चालू कर, तारीख, वार, जागा आधी बोल, आणि "कॅम्पाबद्दल सांगा" असं विचारू नकोस, तेही डेटाबेससारखंच आहे, मोठ्या प्रश्नाला मोठं आणि पोकळ उत्तर येतं. दूध कुठल्या फाटकातून आत न्यायचा, किती शेर, पैसे कोण द्यायचं, त्या बायका आपल्याशी कुठल्या भाषेत बोलायच्या, शाळेची घंटा ऐकू यायची का, सिंधी लोक तिथं राहायला आले आणि गांधीनगर झालं तेव्हा बराकींचं काय झालं. ते एखाद्या बाईचं नाव घेतील तर मधे बोलू नकोस, जसं उच्चारतील तसं मराठीत लिहून घे. मग एका रविवारी त्यांना रिक्षानं महावीर गार्डनला ने, तिथं पोलिश लोकांनी उभारलेलं स्मारक आहे, त्यांना तिथं बसवून परत एकदा रेकॉर्ड कर, जागा बघितली की माणसाला वेगळं आठवतं. सरांना आधी विचारून घे की मुलाखत संदर्भ म्हणून चालेल का, बहुतेक ठिकाणी चालते, पंधरात धरली नाही तरी परिशिष्टात लाव.

जेन दोब्री म्हणजे शुभ दिवस, नमस्कार म्हण. उद्या ते म्हणाले की तू पण म्हण आणि विचार, हा शब्द तुम्हाला कुणी शिकवला.